वस्तीतला रविवारचा चित्रकला वर्ग : सुरू कसा करायचा आणि टिकवायचा कसा

मुंबईत मुलांच्या चित्रकला स्पर्धांना तोटा नाही. गणेशोत्सवात मंडळ भरवतं, २६ जानेवारीला सोसायटी भरवते, महानगरपालिकाही बागांमध्ये मोठी बालचित्रकला स्पर्धा घेते. मुलं पॅड आणि रंगपेटी घेऊन येतात, दोन तासांत ‘झाडे लावा’ रंगवतात, तिघांना बक्षीस मिळतं आणि बाकीची बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जातात. पुढच्या रविवारी त्याच मुलांना पेन्सिल घेऊन बसायला जागा नसते आणि ‘हे असं का दिसतं’ हे विचारायला माणूस नसतो.

ज्यांना आपल्या चाळीत, वस्तीत किंवा एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत मुलांसाठी मोफत वर्ग सुरू करायचा आहे, किंवा चालू असलेल्या संस्थेत मदतीला यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आम्ही काही जण गिरणगावात असा वर्ग चालवतो. अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली आहे : असा वर्ग टिकतो तो ठरलेल्या वेळेला कुलूप उघडणाऱ्या माणसामुळे. हात कितीही चांगला असला तरी ‘या आठवड्यात जमणार नाही’ असं दर महिन्याला कळवणाऱ्या चित्रकारावर वर्ग उभा राहत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीभोवती लावल्या आहेत.

आधी तीन माणसं गोळा करा

एक शिकवणारा, एक किल्ली-हजेरी-पालक सांभाळणारा आणि एक पैशांचा हिशेब ठेवणारा. तिन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडली की पहिल्या आजारपणात वर्ग बंद होतो.

शिकवणारा कुठे मिळेल? कला महाविद्यालयातले विद्यार्थी उत्साहाने येतात, पण सबमिशन आणि परीक्षांच्या महिन्यांत गायब होतात, म्हणून ते दोघे-तिघे असावेत. निवृत्त चित्रकला शिक्षक हा माझ्या मते सगळ्यात मोठा ठेवा. त्यांना परीक्षेचा अभ्यासक्रम तोंडपाठ असतो आणि मुलांना हाताळायची सवय असते. लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळांतले कलाकार मातीकाम आणि रंगकाम अप्रतिम शिकवतात, फक्त त्यांना गणपतीच्या आधी विचारू नका. त्या महिन्यांत त्यांना जेवायला फुरसत नसते, दिवाळीनंतर गाठा. आणखी एक माणूस शोधा : दुकानांच्या पाट्या ब्रशने लिहिणारा जुना पेंटर. फ्लेक्स आल्यापासून त्याच्या हाताला काम कमी झालंय, पण देवनागरी अक्षराचं वळण आणि दोन अक्षरांमधली जागा तो जशी समजावतो तशी पुस्तकातून समजत नाही.

शिकवणाऱ्याला शक्य असेल तर थोडं मानधन द्या, निदान प्रवासखर्च तरी द्याच. कल्याणहून किंवा विरारहून येणाऱ्याने स्वतःच्या खिशातून किती महिने यावं?

जागा

समाजमंदिर, मंडळाचं कार्यालय, व्यायामशाळेचा मजला, बुद्धविहाराचा हॉल, असं काही ना काही प्रत्येक वस्तीत असतं. एसआरएच्या इमारतींत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा राखलेली असते; ती बऱ्याचदा रविवारी रिकामी असते, सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. शाळेचा वर्ग हवा असेल तर खासगी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. महानगरपालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून मग विभागाच्या शिक्षण कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तोवर दुसरीकडे सुरू करा.

जागा बघायला जाल तेव्हा चार गोष्टी पाहा. खिडकीतून उजेड येतो का, कारण नुसत्या ट्यूबलाइटखाली सावली शिकवता येत नाही. जवळ नळ आहे का. फरशी पुसता येते का. आणि मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. शेवटची गोष्ट नसेल तर सहावी-सातवीच्या पुढच्या मुली दोन आठवड्यांत यायच्या बंद होतात आणि कारणही सांगत नाहीत.

जागा देणारा कुणी असो, त्याचे आभार माना, कार्यक्रमाला बोलवा. पण जागेच्या बदल्यात मुलांना एखाद्या पक्षाच्या बॅनरखाली बसवायला तयार होऊ नका. एकदा तसं झालं की वस्तीतल्या निम्म्या घरांतली मुलं येत नाहीत.

वेळ आणि संख्या

रविवार सकाळ, साडेनऊ ते साडेअकरा, ही वेळ आम्हाला चालली. नंतर उन्हाचा, जेवणाचा आणि क्रिकेटचा अडथळा येतो. शिक्षक लांबून येणार असतील तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. एका शिकवणाऱ्यामागे वीसपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. पहिल्या दिवशी पन्नास येतील, त्यांना परत पाठवायला जीवावर येईल. नावं लिहून घ्या आणि दुसरा गट करा. सहा ते दहा वर्षांची मुलं आणि सातवीच्या पुढची मुलं एकत्र बसवलीत तर मोठी मुलं ‘हा लहान पोरांचा क्लास आहे’ म्हणून निघून जातात.

साहित्य

सुरुवातीला कागदावर खर्च करा, रंगांवर नंतर. २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ड्रॉइंग पेपर घेतला तर त्यातून ११ बाय १५ इंचाचे चार क्वार्टर निघतात. सुटे क्वार्टर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली पुरतात. खोडरबर प्रत्येकाला देऊ नका, चौघांत एक ठेवा. हाताशी असला की मुलं रेघ काढण्यापेक्षा खोडण्यात वेळ घालवतात. ड्रॉइंग बोर्ड महाग पडतात, त्याऐवजी सुताराकडून प्लायवूडचे तुकडे कापून कडा घासून घ्या आणि चिमट्याने कागद लावा.

रंगांत पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या घ्या : पिवळा, लाल, निळा, काळा आणि पांढरा. पांढरा दुप्पट घ्या, तो सगळ्यांत आधी संपतो. हिरवा, जांभळा, केशरी विकत आणू नका, म्हणजे मुलांना ते मिसळून करावे लागतात. ब्रश गोल २, ६ आणि १० नंबरचे. लहान मुलांसाठी ऑइल पेस्टल बरे. घाऊक खरेदी करायची असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट गाठा, पण रविवारी नाही.

पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेने कागद ओल धरतो, त्यावर पाण्याचा रंग फुटतो आणि पोस्टर कलरच्या झाकणाखाली बुरशी येते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी जमिनीवर ठेवू नका.

पहिले चार रविवार

नवे स्वयंसेवक इथे गडबडतात. ‘आज पर्यावरण विषय’ असं सांगून मोकळे होतात आणि मुलं दोन डोंगर, मधला सूर्य, एक झोपडी आणि नदी काढून देतात. विषय देऊ नका, वस्तू द्या.

पहिल्या रविवारी स्टीलचा तांब्या स्टुलावर ठेवा. बहुतेक मुलं तांब्याच्या तोंडाचा पूर्ण गोल काढतील आणि बूड सरळ रेघेने कापतील. तोंड गोल असतं हे त्यांना ठाऊक असतं आणि तांब्या सपाट जागेवर टेकलाय हेही ठाऊक असतं. ती ठाऊक असलेलं काढतात, दिसतंय ते नाही. ‘चुकलं’ म्हणू नका. तांब्या उचला आणि मुलाच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत धरा. तोंड कुठे गेलं? नुसती आडवी रेघ उरते. आता तांब्या हळूहळू खाली आणा. रेघ उघडते, तिचा लंबगोल होतो, आणखी खाली नेला की लंबगोल फुगत जातो. मग बूड बघायला सांगा : तेही वळलेलं आहे, आणि तोंडापेक्षा जरा जास्तच, कारण ते डोळ्यांपासून आणखी खाली आहे. वर-खाली, वर-खाली, प्रत्येक मुलासमोर हे करा. अर्धा तास जातो, जाऊ द्या. नंतर काढलेल्या दुसऱ्या चित्रात निम्म्या मुलांची रेघ बदललेली असते आणि हे त्यांचं त्यांना दिसतं. वीस मुलांना ‘मला येतं’ असं एकाच सकाळी वाटायला लावणारी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही.

दुसऱ्या रविवारी तोच तांब्या, पण खिडकीजवळ. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते. स्टील करड्या रंगाचं असतं असं मुलं धरून चालतात; जवळ नेऊन दाखवा, त्यात निळं दार दिसतं, खिडकीचे गज दिसतात, एखाद्याचा लाल शर्टही दिसतो.

तिसऱ्या रविवारी आठवणीतून चित्र : सकाळची नळावरची रांग, लोकलचा डबा, दहीहंडीचा थर. माणसं काडीची निघतील, हरकत नाही. दोघांना उभं करा, एकाला भरलेली बादली धरायला द्या, आणि खांदा कुठे झुकतो ते बाकीच्यांना बघू द्या. चौथ्या रविवारी ठिपक्यांच्या रांगोळीवरून संकल्पचित्राकडे, म्हणजे डिझाइनकडे जा. या दिवशी मुलांच्या आईला किंवा आजीला शिकवायला बोलवा. रांगोळीतलं प्रमाण आणि पुनरावृत्ती त्यांच्या हातात मुळातच असते, आणि घरातलं माणूस एकदा वर्गात शिकवून गेलं की ‘कशाला जातोस तिथे वेळ घालवायला’ हा प्रश्न कमी होतो.

एक नियम मात्र शिकवणाऱ्याने कधीच मोडू नये : मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल लावायची नाही. दाखवायचं ते शेजारच्या वेगळ्या कागदावर. तुमची एक सफाईदार रेघ त्याच्या चित्रात पडली की ते चित्र त्याचं राहत नाही, आणि ते त्याला लगेच समजतं.

आठवी-नववीतली गळती

वर्ग सुरू करणं त्यामानाने सोपं आहे. खरा प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा. रविवारी ट्यूशनची टेस्ट लागते, मुलींवर घरकाम आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी येते, मुलगे कुठे तरी हाताखाली कामाला लागतात. ‘चित्रं काढून पोट भरणार का’ असं वडील विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून भाषण नको, पायऱ्या दाखवा.

पहिली पायरी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होतात. मुलं बहुधा आठवीत एक आणि नववीत दुसरी देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात, म्हणजे वर सांगितलेले चार रविवार आणि तो पाट्या लिहिणारा पेंटर, सगळं इथे कामाला येतं. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, ब ला ५ आणि क ला ३. हा आकडा पालकांना पहिल्याच बैठकीत सांगा. दहावीच्या टक्क्यांची भाषा घरात सगळ्यांना कळते, आणि ट्यूशनची वेळ थोडी पुढे-मागे करायला मग पालक स्वतः जाऊन बोलतात.

अर्ज शाळेमार्फत भरले जातात. अडचण अशी की कित्येक शाळांत आता चित्रकलेचा शिक्षकच नाही, त्यामुळे मुलांना परीक्षेचा पत्ताच लागत नाही. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या वर्गातली मुलं ज्या-ज्या शाळांत जातात तिथे जाऊन अर्ज भरणार का ते विचारा. नकार आला तर जवळचं परीक्षा केंद्र असलेली शाळा शोधून तिथे विनंती करा. ऑगस्टपर्यंत थांबलात तर मुलाचं वर्ष जातं.

त्यापुढची पायरी बारावीनंतरची. चार वर्षांच्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. त्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्राची प्रात्यक्षिकं असतात आणि सामान्यज्ञान असतं. १८५७ साली सुरू झालेलं जेजे स्कूल ऑफ आर्ट सीएसएमटी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे, पण आमच्या मुलांतल्या बहुतेकांनी ते फाटक बाहेरूनच पाहिलेलं असतं. त्यांना आत घेऊन जा, तिथल्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन दाखवा. रचना संसदसारख्या इतर संस्थांच्या अभ्यासक्रमांची आणि फीची माहिती आधी काढून ठेवा. शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीतच करा. हुशार मुलाची जागा केवळ एका दाखल्यापायी जाणं, यासारखं वाईट काही नाही. तुमच्यातलं एक माणूस फक्त या कागदपत्रांसाठी ठेवलंत तरी ते मोठं काम झालं.

मुलांना बाहेर न्या

वर्षातून तीन-चार वेळा पुरे. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत आहे आणि एकाच फेरीत तीन-चार वेगळ्या चित्रकारांचं काम दिसतं. बऱ्याचदा चित्रकार तिथेच बसलेला असतो, मुलांना त्याच्याशी बोलू द्या. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय मला लहान मुलांसाठी सगळ्यांत आवडतं, कारण तिथे जुन्या मुंबईतल्या लोकांच्या, पगड्यांच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. ते बुधवारी बंद असतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो, तिथे मात्र शनिवार-रविवार टाळा, गर्दीत मुलं सांभाळता येत नाहीत.

काळा घोड्याला, म्हणजे जहांगीरच्या परिसरात न्याल तेव्हा मुलांना के. एच. आरा यांच्याबद्दल सांगा. लहानपणी सिकंदराबादजवळच्या बोलारममधून पळून मुंबईत आलेला हा मुलगा घरकाम करायचा, गाड्या धुवायचा. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या चित्रकारांत तो होता. आमच्याकडे हे ऐकल्यावर मुलं त्यांच्या फुलदाण्यांच्या चित्रांसमोर वेगळ्या नजरेने उभी राहतात.

मुलांची सुरक्षितता

यात सवलत नाही. दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय वर्ग उघडायचा नाही, आणि त्यात एक बाई असावी. कुठलंही मूल कुणाही एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. दार उघडं. स्वयंसेवकाने मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, जे काही कळवायचं ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो काढण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. सहलीला नेताना पालकांची सही, आजारांची माहिती आणि दोन फोन नंबर. मुलाने काही सांगितलं किंवा शंका आली तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘वस्तीत मिटवू’ हा मार्ग कायद्यात नाही आणि मुलाच्या हिताचाही नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

नोंदणी आणि पैसा

नवे लोक नेमके इथून सुरुवात करतात : आधी नाव, लोगो, लेटरहेड, मग वर्ग. माझा सल्ला उलटा आहे. पहिलं वर्ष वस्तीतल्या एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या किंवा संस्थेच्या छत्राखाली काढा, त्यांच्या खात्यातून वेगळा हिशेब ठेवून. वर्ग वर्षभर टिकला तर मग स्वतःची संस्था.

तेव्हा दोन सरळ मार्ग आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) नोंदवता येतो. मुंबईतलं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे. किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात सदस्य घेऊन संस्था करता येते. महाराष्ट्रात अशा संस्थेला न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. उद्देशांच्या कलमात ‘कला शिक्षण’ हे स्पष्ट लिहा, नुसतं ‘सामाजिक कार्य’ नको. विश्वस्त निवडताना नाव मोठं आहे म्हणून घेऊ नका, बैठकीला येणारी आणि सही करायला सापडणारी माणसं घ्या. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो आणि तिथेच बहुतेक छोट्या संस्था अडकतात. नंतर पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडची सवलतीची नोंदणी आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा असेल तर सीएसआर-१ अर्ज. नोंदणी नसताना वस्तीत पावती पुस्तक फिरवू नका, त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने प्रेमाने पैसे पाठवायचे म्हटले तरी एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय घेऊ नका. ₹२,००० च्या वरची रोख देणगी दिली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा आणि चेक किंवा यूपीआयने घ्या. चार्टर्ड अकाउंटंट पहिल्या दिवसापासून हवा. कित्येक जण अशा कामासाठी अत्यल्प फी घेतात, विचारून बघा.

पैसे मागताना रक्कम मागण्यापेक्षा वस्तू सांगितली तर लोक लवकर देतात. एका मुलाचा वर्षभराचा कागद, परीक्षेची फी, एका शिक्षकाचा महिन्याचा प्रवासखर्च. आणि वर्ष संपल्यावर देणगीदारांना गुळगुळीत कागदावरचा अहवाल पाठवू नका. हजेरीची पानं, बिलांच्या प्रती, किती मुलांनी परीक्षेचा अर्ज भरला आणि किती बसली, कोण सोडून गेलं आणि का, एवढं लिहा. सोबत एकाच मुलाची दोन चित्रं जोडा, जूनमधला तांब्या आणि मार्चमधला तांब्या, पालकांची संमती घेऊन आणि आडनाव न लिहिता. मूळ चित्रं मुलाला परत द्या, देणगीदाराला फोटोप्रत पुरते.